युरियातून वीज? आधी पट्टी मांडा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाचा भाव, पीकविमा, कर्ज हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. त्यांत आज मी एक वेगळा विषय मांडणार आहे. युरियापासून वीज आणि हायड्रोजन काढण्याचा. कोणी म्हणेल, आमच्या जुवारी-पऱ्हाटीला याचे काय? पण गेल्या काही वर्षांत ‘मूत्रापासून वीज’, ‘खतापासून इंधन’ अशा बातम्या पेपरात येतात, फोनवर फिरतात. गावोगाव पोरे विचारतात, हे खरे की थाप? आणि खरे असेल तर आपल्या गोठ्यात का होऊ नये?

उत्तर दोन वाक्यांचे आहे. विज्ञान खरे आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात ते बसत नाही. मी सांगतो म्हणून मानू नका. वही काढा, आकडे उतरवून घ्या, घरी जाऊन स्वतः गुणाकार करून पाहा. शेतकरी आजवर बुडाला तो विज्ञानामुळे नाही, हिशेब दुसऱ्याच्या हातात दिल्यामुळे बुडाला.

गोणीत काय भरले आहे

युरिया हा काही कारखान्याने जन्माला घातलेला पदार्थ नाही. माणसाच्या, जनावराच्या मूत्रात तो पहिल्यापासून आहे. शरीरात प्रथिने मोडली की जे नत्र उरते, ते शरीर युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. 1828 साली व्होलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला. जिवंत शरीराशिवाय असा पदार्थ होऊच शकत नाही ही तोवरची समजूत होती, तिला त्याने धक्का दिला.

कारखान्यात युरिया होतो तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून. अमोनिया कशापासून? हवेतले नत्र आणि हायड्रोजन यांच्यापासून. हवेत नत्राला तोटा नाही. तुमच्या एक एकर रानावर जी हवा उभी आहे तिच्यात सुमारे 31 हजार टन नत्र आहे. पण त्यातले किलोभरही पऱ्हाटीला स्वतःहून घेता येत नाही. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठ मारून बसलेले असतात. ती गाठ सोडवायला कारखान्यात 400 ते 500 अंश उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. जर्मनीत हाबरने 1909 साली हे करून दाखवले आणि बॉशने 1913 साली त्याचा कारखाना उभा केला. आजही जगभर तीच रीत आहे.

या सगळ्याला लागतो नैसर्गिक वायू. त्यातूनच हायड्रोजन काढतात आणि तोच जाळून भट्टी चालवतात. आपल्या देशात चांगल्या कारखान्याला एक टन युरियामागे साडेपाच गिगा कॅलरी ऊर्जा लागते, जुन्या कारखान्याला साडेसहापर्यंत. कमीत कमी धरू, साडेपाच. विजेच्या युनिटात मांडले तर किलोला सुमारे 6.4 युनिट. 45 किलोच्या गोणीला 288 युनिट. हा पहिला आकडा, वहीत लिहून ठेवा.

युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र. हा दुसरा आकडा. गोणीतला खरा माल हाच. बाकीचे त्या नत्राचे गाडीभाडे समजा.

काजळीवरचे निकेल

आता नव्या तंत्राकडे येऊ. 2009 साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात जेरार्डिन बॉट्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मूत्रातला युरिया विजेने फोडून हायड्रोजन काढता येतो, आणि त्यासाठी प्लॅटिनमसारखा महागडा धातू लागत नाही, निकेल पुरते, असे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी, 2010 साली, स्कॉटलंडमध्ये रोंग लान, शानवेन ताओ आणि जॉन आयर्विन यांनी उलट्या बाजूचे काम मांडले. युरिया आणि हवा देऊन थेट वीज घेणारा सेल. पहिल्यात वीज घालायची आणि हायड्रोजन घ्यायचा. दुसऱ्यात युरिया घालायचा आणि वीज घ्यायची. दोन्हींत युरियावर होणारी क्रिया एकच. धातूच्या पृष्ठभागावर युरियाच्या एका रेणूतून सहा इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. मागे उरतो नत्रवायू, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

ही क्रिया आपोआप होत नाही. तिला मध्यस्थ लागतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. दुधाला विरजण लागते तसे समजा. फरक इतकाच की विरजण दुधात मिसळून जाते, उत्प्रेरक काम करून परत मोकळा होतो. इथे उत्प्रेरक आहे निकेल.

निकेलचा पत्रा लावला तरी काम होते. पण काम होते ते फक्त वरच्या पृष्ठभागावर, पोटातले निकेल फुकट जाते. जुवारीचा दाणा अख्खा टाकला तर पाण्यात तासन्‌तास तसाच राहतो, दळून टाकला तर लगेच भिजतो, तेच इथे. म्हणून निकेल बारीक करतात. किती बारीक? जुवारीचा दाणा चार मिलिमीटरचा धरा. निकेलचा कण असतो चार नॅनोमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही लहान. दाण्याच्या रुंदीचा दहा लाखावा भाग. ‘नॅनो’ म्हणतात ते एवढेच. त्यात मंत्र नाही, माप आहे.

इतके बारीक कण मोकळे ठेवले तर पावसाळ्यातल्या गुळासारखे एकमेकांना चिकटून गोळा होतात. मग बारीक केल्याचा उपयोग काय? म्हणून त्यांना बसायला जागा द्यावी लागते. ती जागा म्हणजे कर्ब. कंदिलाच्या काचेवर धरते तशीच, पण कारखान्यात नीट तयार केलेली काजळी. या कामाला वापरतात त्या काजळीचा पृष्ठभाग ग्रॅमला सुमारे अडीचशे चौरस मीटर भरतो. म्हणजे एक ग्रॅम काजळीत अडीच गुंठे रान! त्या रानावर निकेलचे कण टोकण केल्यासारखे अंतराअंतरावर बसवायचे. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे प्रत्येक कणापर्यंत तार गेल्यासारखे होते. निकेल थोडे लागते आणि काम जास्त होते. यालाच कर्बावर बसवलेले धातूचे नॅनोकण म्हणतात. कोणी निकेलसोबत कोबाल्ट घेतो, कोणी लोखंड घेतो, कोणी काजळीऐवजी सक्रिय कोळसा किंवा कर्बाच्या नळ्या घेतो. मूळ कल्पना हीच.

या कामात खोट नाही. प्लॅटिनम ग्रॅमला हजारोंत जाते आणि निकेल किलोला हजार-दोन हजारांच्या घरात. हा फरक लहान नाही. ज्यांनी हे केले ते थापाडे नाहीत. थापाडे येतात ते त्यांच्या मागून, त्यांचा निबंध हातात धरून.

कागदावरचा आकडा आणि सेलमधला आकडा

तुम्हाला जो आकडा सांगितला जाईल तो असा. पाणी फोडून हायड्रोजन काढायला निदान 1.23 व्होल्ट दाब लागतो. युरियाला लागतो फक्त 0.37 व्होल्ट. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी वीज! आकडा खरा आहे. पण तो कागदावरचा आहे, तोट्याशिवाय सगळे चालले तर येणारा.

प्रत्यक्षात निकेल आपले काम तेव्हाच सुरू करते जेव्हा त्याच्या अंगावर एक विशिष्ट थर तयार होतो. साधे निकेल हायड्रॉक्साइड युरियाला हात लावत नाही. विजेने त्याचे ऑक्सिहायड्रॉक्साइड झाले की मग ते युरियाचे इलेक्ट्रॉन ओढते. आणि हा थर व्हायलाच सुमारे 1.35 ते 1.4 व्होल्ट लागतात. कर्ब कितीही चांगला घ्या, कण कितीही बारीक करा, हा उंबरठा फारसा खाली येत नाही. 0.37 ची बढाई उंबऱ्याबाहेरच राहते.

आता गुणाकार करू. एक किलो युरियातून जास्तीत जास्त 100 ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्यासाठी 1.4 व्होल्टने वीज लागते पावणेचार युनिट. त्या 100 ग्रॅम हायड्रोजनमध्ये ऊर्जा किती? सुमारे 3.3 युनिट. घातले पावणेचार, आले सव्वातीन.

कोणी म्हणेल, पाण्यापासूनही तोटाच होतो की! बरोबर आहे. पाणी फोडायला प्रत्यक्षात 1.8 व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तेवढ्याच हायड्रोजनला 4.8 युनिट वीज जाते. म्हणजे युरिया वापरल्याने किलोमागे सुमारे एक युनिट वाचते. गोणीमागे 48 युनिट. हा तिसरा आकडा.

पट्टी

आता पहिला आकडा आठवा. गोणी तयार करायला 288 युनिटइतकी ऊर्जा लागली. ती फोडून वाचले 48. वायूची उष्णता आणि तयार वीज यांची किंमत एक नसते, वीज महाग असते, हे मान्य. पण सहाला एक ही तफावत त्याने भरून निघत नाही. याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते मी सांगायला नको. कांद्याची गाडी बाजारात नेली, हमाली-तोलाई-भाडे कापले आणि अडत्याने उलट आपल्याकडेच पैसे मागितले, ती उलटी पट्टी. खताचा युरिया फोडून हायड्रोजन काढणे ही ऊर्जेची उलटी पट्टी आहे.

दुसरा सेल बघू, थेट वीज देणारा. कागदावर त्याचा दाब 1.15 व्होल्ट येतो, म्हणजे गोणीला 138 युनिट. पण सेलवर भार टाकला की दाब अर्ध्या व्होल्टच्याही खाली जातो. मग गोणीमागे 60 युनिटच्या आतच वीज मिळते. पाच अश्वशक्तीची मोटार त्यावर सोळा तास चालेल. आणि प्रयोगशाळेतल्या सेलच्या एका चौरस सेंटीमीटरमधून निघते ती काही मिलिवॅट. मोटार चालवायची तर घरभर सेल मांडावे लागतील, तो खर्च वेगळाच.

त्याच गोणीतले 20.7 किलो नत्र पिकाला दिले तर? पावसाने साथ दिली आणि किलो नत्रामागे दहाच किलो जुवारी वाढली असे धरू. दोन क्विंटल जुवारी होते, वर कडबा. एका बाजूला सोळा तासांची मोटार, दुसऱ्या बाजूला दोन क्विंटल जुवारी. जुवारीला भाव मिळत नाही ही गोष्ट वेगळी, त्यासाठी आपण लढतोच आहोत. पण म्हणून खत जाळायचे का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार.

यात आणखी एक गंमत आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन करायचा. त्यातला काही खताच्या अमोनियासाठी वापरायचा. म्हणजे सरकार हायड्रोजनपासून खत करू पाहते आहे आणि बातमी सांगते खतापासून हायड्रोजन करा. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, समोरासमोर!

एकच धातू, दोन वाटा

आजच्या विषयाचा गाभा मला वाटतो तो आता सांगतो.

युरिया फोडणारे निकेल काही शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वापरले असे नाही. ते तुमच्या वावरात आहे. तुम्ही मातीत युरिया टाकता तेव्हा तो तसाच पिकाला लागत नाही. मातीतले जिवाणू युरिएज नावाच्या विकराने तो आधी फोडतात. हे विकर 1926 साली जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेतून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि त्यासाठी त्यांना 1946 साली नोबेल मिळाले. 1975 साली कळले की या विकराच्या पोटात निकेल आहे. जे निकेल सेलमध्ये काजळीवर बसवतात तेच निकेल, जिवाणूच्या हातातले.

पण दोघांचे काम वेगळे आहे. जिवाणूचे निकेल युरियाचा अमोनिया करते. अमोनिया मातीला धरून राहिला तर पिकाच्या कामाचा असतो. सेलमधले निकेल युरियाचा नत्रवायू करते. म्हणजे हाबर-बॉशने चारशे अंशांवर सोडवलेली तिहेरी गाठ सेल पुन्हा मारतो आणि नत्र हवेत सोडून देतो. जे 31 हजार टन आधीच डोक्यावर होते, त्यांत भर.

म्हणून कोणतेही यंत्र दाखवायला आणले तर पहिला प्रश्न हा विचारा: यातून नत्र कोणत्या रूपात बाहेर पडते? नत्रवायू असेल तर ते खत उडवणारे यंत्र आहे. आणि नेहमी शुद्ध नत्रवायूच निघतो असेही नाही. निकेलवर युरियाचा काही भाग जास्त जळून नायट्राइट आणि सायनेट होतात, हे अलीकडच्या संशोधनात मोजून दाखवलेले आहे. असले पाणी विहिरीच्या कडेला सोडायचे नसते.

मग हे तंत्र कोणाच्या कामाचे?

तंत्रज्ञानाला शिव्या देऊन शेतकऱ्याचे भले होत नाही. प्रत्येक अवजाराची एक जागा असते. वखर पेरणीला चालत नाही म्हणून वखर वाईट ठरत नाही.

याची जागा दोन ठिकाणी दिसते. एक, खुद्द युरियाचे कारखाने. युरिया तयार होताना पाणीही सुटते, त्यात थोडा युरिया आणि अमोनिया राहतो. तसे पाणी नदीत सोडता येत नाही. आज ते तापवून, दाबाखाली शुद्ध करतात. तिथे युरिया वाया जाणाराच आहे, तो फोडून थोडा हायड्रोजन मिळाला तर बरेच. दोन, मोठ्या शहरांतले सांडपाणी. माणूस दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया बाहेर टाकतो. ते नत्र नदी-तलावात गेले की जलपर्णी माजते. म्हणून शहरे वीज जाळून ते काढतात.

तरीही दोन अडचणी आहेत. मूत्रात युरिया दोन टक्क्यांच्या आसपास असतो. किलोभर युरियासाठी 50 लिटर मूत्र हवे. आणि ते नळात, टाकीत साचले की जिवाणू दोन-चार दिवसांत युरियाचा अमोनिया करून टाकतात. सेलपर्यंत पोचेतो युरिया उरतच नाही. शिवाय मूत्रातल्या क्षारांनी आणि इतर घाणीने निकेलचा पृष्ठभाग माखतो, सेल मंदावतो. म्हणून हे काम अजून प्रयोगशाळेचा उंबरठा नीट ओलांडू शकलेले नाही.

आणि शहराच्या नत्राबद्दल आपले म्हणणे वेगळे असले पाहिजे. एक क्विंटल जुवारी बाजारात गेली की तिच्यासोबत दीड किलोच्या आसपास नत्र गावाबाहेर जाते. सरकीतून जाते, डाळीतून जाते. शहर ते खाते आणि गटारात सोडते. ते नत्र आमच्या मातीचे आहे. शहराने ते उडवण्यापेक्षा खताच्या रूपात परत करावे, आणि त्याचा वाहतूक खर्च शहराने सोसावा. मागायचे असेल तर हे मागू.

गोणीला पाय फुटतात

आता या विषयातला धोका. उद्या समजा कोणी या सेलचे यंत्र खरेच बाजारात आणले. त्याला युरिया लागणार. तो कुठून घेईल? 45 किलोची गोणी आपल्याला, लेपनाचा खर्च आणि कर सोडून, 242 रुपयांना मिळते. कारखान्याच्या वापराचा युरिया त्याच्या कितीतरी पट महाग असतो. अशी तफावत असली की गोणीला पाय फुटतात. शेतीच्या नावाचा युरिया प्लायवूडच्या डिंकाकडे वळतो ही गोष्ट देशाने पाहिली आहे. 2015 पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाचे लेपन सक्तीचे झाले, त्याचे एक कारण हेच होते. एप्रिल 2020 पासून नवीन ट्रक भारत स्टेज सहाच्या नियमाने आले. त्यांच्या धुराची घाण मारायलाही युरियाचे पाणी लागते. म्हणजे गिऱ्हाइके आधीच पुष्कळ आहेत, हे आणखी एक.

आणि तुटवडा कधी होतो? पाऊस पडून रान वाफशावर येते, जुवारी गुडघ्याला लागते, नेमकी तेव्हा दुकानात गोणी नसते. असली तर सोबत न लागणारी बाटली घ्यावी लागते. हे लिंकिंग तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाटलीवरून आठवले. 2021 साली नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, तिच्यात चार टक्के नत्र होते. म्हणजे 20 ग्रॅम. गोणीत 20.7 किलो. हजार पटीचा फरक. आणि सांगणारे सांगत होते, एक बाटली म्हणजे एक गोणी. पुढे बाटलीतले प्रमाण वाढवले गेले, तरी पिकाला लागणारे नत्र किलोतच मोजावे लागते. सेलमधले नॅनोकण वेगळे आणि बाटलीतला नॅनो वेगळा, पण दोन्हीकडे धडा एकच. नाव ऐकून पैसे काढू नका, नत्राचे वजन विचारा.

आपण काय करायचे

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. गोमूत्रापासून वीज, युरियापासून हायड्रोजन, असे काही घेऊन कोणी गावात आला, डिपॉझिट मागू लागला, तर त्याला चार प्रश्न विचारा. किती व्होल्टवर चालते? सलग किती तास चालवून पाहिले? बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्राइट किती? आणि किलो नत्र गमावून किती युनिट मिळतात? चारही उत्तरे कागदावर, सहीनिशी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. पऱ्हाटीच्या कोळशाला कर्ब म्हणून मोठा भाव येणार असे सांगणाराही भेटेल. पऱ्हाटीपासून सक्रिय कोळसा होतो हे खरे आहे. पण आधी सौदा, आधी भाव, मग पऱ्हाटी.

दुसरी. आपल्या गोठ्यातले नत्र धरा. एका बैलाचे मूत्र दिवसाला आठ लिटर आणि त्यात नत्र अर्धा टक्का धरले, तरी वर्षाला साडेचौदा किलो नत्र होते. बैलजोडीचे 29 किलो. दिवसभर जनावर बाहेर असते, म्हणून निम्मे धरू. तरी 14 किलो, पाऊण गोणीच्या जवळ. ते आज गोठ्याच्या जमिनीत मुरते नाहीतर वासाच्या रूपाने उडते. नाकाला झोंबतो तो अमोनिया म्हणजे आपलेच खत. गोठ्यात कोरड्या मातीचा वीतभर थर द्या, त्यावर कडब्याचे चिपाड, पालापाचोळा टाका. मूत मुरलेली माती उपसून खड्ड्यात घाला, नवी भरा. खड्ड्यात थरावर थोडे सुपर फॉस्फेट भुरभुरले तर अमोनिया धरून राहतो आणि स्फुरदही मिळते. खड्डा मातीने झाका. याला ना निकेल लागते ना वीज.

तिसरी. विकतच्या गोणीतले नत्र वावरात टिकवा. आपली काळी जमीन विम्लधर्मी आहे. ओल्या रानावर युरिया नुसता फेकून दिला की जिवाणूचे निकेल त्याचा अमोनिया करते आणि अशा जमिनीत तो भराभर उडतो. कोरडवाहू कपाशीला एकरी 24 किलो नत्र द्यायचे, म्हणजे 52 किलो युरिया, सव्वा गोणीच्या आत. त्यातला तिसरा हिस्सा उडाला तर 17 किलो युरिया गेला. म्हणून एकदम टाकू नका, हप्त्याने द्या. ओल पाहून द्या, झाडाच्या बाजूला मातीआड करा, मागून लगेच डवरा चालवा. या एका डवऱ्याने जेवढे नत्र वाचेल तेवढे जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने आजवर कोरडवाहू शेतकऱ्याला दिलेले नाही.

संशोधन चालू राहावे. अकोला, परभणी, राहुरी, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांनीही यात लक्ष घालावे. याच निकेल-कर्बाच्या पट्टीवर युरिया मोजताही येतो. दुधातली भेसळ पकडायला किंवा खड्ड्यातल्या खताची ताकद पाहायला असे स्वस्त मापन मिळाले तर आम्हाला ते हवे आहे. युरिया उडवणारे यंत्र शहराला लखलाभ. आम्हाला युरिया मोजणारे आणि धरून ठेवणारे यंत्र द्या. तसा ठराव या बैठकीने करावा अशी मी सूचना मांडतो, आणि ज्यांनी वहीत आकडे उतरवले त्यांनी ते येत्या आठवड्यात आपापल्या गावच्या पारावर वाचून दाखवावेत एवढी विनंती करून माझे बोलणे संपवतो.